हॅलोबाईंना ‘अगं’ कोण म्हणणार?

ताई गेली तेव्हा भेटायला आलेल्या माणसांनी हॅलोबाईंना सांगायचं ते सगळं सांगितलं. धीर धरा, वेळेवर जेवत जा, मन कशात तरी गुंतवा. शेजारच्या काकूंनी तर दाराला आतून कडी कशी लावायची इथपर्यंत सांगितलं, जणू इतकी वर्षं दोघी बहिणी दार उघडं टाकूनच झोपत होत्या. पण खरं काय गेलं होतं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. सांगितलं असतं तर लोक नुसतेच तोंडाकडे बघत राहिले असते. जगात हॅलोबाईंना ‘अगं’ म्हणणारं शेवटचं माणूस गेलं होतं.

आईवडील कधीच गेलेले. दोघी बहिणींनी लग्न केलं नाही, त्यामुळे नवरा नाही, पोर नाही, ‘अगं मावशी’ म्हणून गळ्यात पडणारं भाचरूही नाही. एक जुनी मैत्रीण मुलाकडे गेली ती तिकडचीच झाली आणि तिकडेच वारली. दुसरीला आता स्वतःचंच नाव आठवत नाही, ती दुसऱ्याला काय हाक मारणार? बाकी सगळं जग ‘अहो’वालं. दूधवाला ‘अहो बाई’, खालच्या मजल्यावरचा शिंपी ‘अहो मॅडम’, डॉक्टर ‘अहो आजी, जीभ दाखवा बघू’. जीभ बाहेर काढलेल्या माणसालाही अहो!

ताईचं तसं नव्हतं. ती बालवाडीत शिकवायची, आणि घरी आली तरी तिचा वर्ग काही सुटलेला नसायचा. ‘अगं, पंखा कोण बंद करणार, शेजारी?’ ‘अगं, चमचा म्हणतात त्याला, फावडं नव्हे!’ ‘अगं ए धांदरट, चप्पल उलटी घातलीयस!’ सकाळी डोळे उघडल्यापासून दिवा मालवेपर्यंत बहिणीच्या नावाने असा शंख चाललेला. हॅलोबाई वैतागायच्या, फुरंगटायच्या, ‘काय गं सारखं!’ म्हणायच्या, आणि पंखा पुन्हा चालूच ठेवून जायच्या.

हॅलोबाईंना नाव होतं, पण ते पगारपत्रकाबाहेर कधी पडलं नाही. विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत टेलिफोनचा बोर्ड होता. सगळ्या विभागांचे फोन तिथून जोडले जायचे, आणि जोडायच्या त्या ह्या. ‘नमस्कार, विद्यापीठ. कुणाशी बोलायचंय आपल्याला?’ आवाज असा की तक्रार करायला फोन केलेला माणूस आधी त्यांचीच विचारपूस करायचा. पण तेवढीच. लाइन जोडली की आपण बाजूला व्हायचं, हा धंद्याचा पहिला नियम. दोघं बोलायला लागले की तिसऱ्याचं काम संपलं.

त्या बाजूला व्हायच्या, पण कान मागे ठेवून. मी जन्मात कुणाचं बोलणं ऐकलं नाही असं त्या शपथेवर सांगत. ते साफ खोटं होतं. घरी आल्या की पिशवी टेकायच्या आतच सुरू. कुलसचिवांचा खोकला, मग त्यांचं बोलणं, ‘आं? कोण? मी मीटिंगमध्ये आहे म्हणून सांगा. नाही, थांबा. कोण आहे ते आधी विचारा, मग मी मीटिंगमध्ये आहे की नाही ते ठरवू.’ रसायनशास्त्राचे प्राध्यापक बायकोशी बोलताना कसे बारीक होत जातात, वसतिगृहाचा आचारी भाजीवाल्याशी बोलताना कसा फुगत जातो, सगळं हुबेहूब. ताई हसून हसून भिंतीला टेकायची आणि पदराने डोळे पुसत म्हणायची, ‘अगं बास, नोकरी घालवशील एक दिवस!’

गंमत अशी की कुणाच्याही आवाजात हॅलोबाईंची जीभ तलवारीसारखी चालायची, पण ताई सोडून बाकी कुणाशीही, स्वतःच्या आवाजात ती बोर्डावरच बसलेली. ‘आपण’, ‘कृपया’, ‘जरा थांबता का?’ गॅलरीत मांजर यायचं, त्यालाही ‘खाली उतरता का जरा?’ मांजर काही उतरायचं नाही. ताई म्हणायची, ‘अगं, ते काय कुलगुरू आहे?’

मग सगळ्यांच्या खिशात फोन आले, बोर्ड भंगारात गेला, आणि पाठोपाठ हॅलोबाई निवृत्त झाल्या.

ताई गेल्यावर त्यांनी एक करून पाहिलं. भांडी घासता घासता ताईच्या आवाजात स्वतःलाच ओरडल्या, ‘अगं, नळ!’ आवाज अस्सल उतरला होता. नळ बंद झाला. पण ‘अगं’ला समोरून ‘काय गं’ लागतं, आणि दोन्ही कामं एकाच तोंडाला लावली की एकटीने पत्ते खेळताना स्वतःलाच फसवल्यासारखं होतं. पुन्हा त्या वाटेला त्या गेल्या नाहीत.

ताईच्या कपाटात बालवाडीची पुस्तकं होती, मोठ्या चित्रांची. त्यांचं काय करायचं हा प्रश्न विद्यापीठाच्या फाटकावरच्या एका फलकाने सोडवला. ‘तुमच्या घरातली बालपुस्तकं आम्हाला द्या, ती समुद्रापार जाणार आहेत!’ हॅलोबाई पोती भरून रिक्षाने गेल्या, फाटकावरच्या रखवालदाराने हात करून दाखवला त्या दिशेने चालत राहिल्या, आणि जिन्याखालच्या त्यांच्याच खोलीसमोर उभ्या राहिल्या. तारांसाठी भिंतीत पाडलेली भोकं तशीच होती. बोर्डाच्या जागी खोकी. खोक्यांच्या मधोमध जमिनीवर तीन मुलं, आणि पहिला आवाज कानावर आला तो असा:

“अगं माकडे! उलटी चिकटवलीस पट्टी! खोकं उघडताना ते लोक काय डोक्यावर उभे राहणार आहेत?”

हॅलोबाई दारातच थबकल्या. क्षणभर वाटलं, आपल्यालाच.

ओरडणारी ती कॅप्टन. अर्थशास्त्र शिकत होती आणि एक दिवस देश चालवणार असल्यासारखी बोलायची. ओरडा खाणारी, सदा हातात टेपचं भेंडोळं घेऊन फिरणारी, ती चिकटपट्टी. आणि दारातून वाकून आत येणारा भौतिकशास्त्राचा पोरगा, तो लंबू. रखवालदाराने मागून येऊन ‘अरे, ह्या आपल्या हॅलोबाई!’ अशी ओळख करून दिली, तशी तिघं ताडकन उठली, पँटी झटकल्या आणि एका सुरात म्हणाली, “नमस्कार काकू! बसा ना तुम्ही!”

खोलीत एकच खुर्ची होती. ती पुसून पुढे केली गेली.

हॅलोबाई दुसऱ्या दिवशीही गेल्या, तिसऱ्याही, आणि मग रोजच. काम सोपं होतं. आलेल्या पुस्तकांतली फाटकी बाजूला काढायची, पानं मोजून चांगली खोक्यात भरायची. समुद्रापलीकडच्या एका शहरात आपल्याकडच्या लोकांची वस्ती होती, कामाधंद्यासाठी गेलेल्यांची. तिथे एका बाईंनी लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत मुलांसाठी वाचनालय काढलं होतं. मुलांना आपली भाषा बोलता यायची, तीही लंगडत. वाचता यायची नाही. ती ह्या पुस्तकांतून शिकवायची होती.

तिघं मुलं एकमेकांशी बोलायची ते ऐकताना हॅलोबाईंना शब्दकोडं सोडवल्याचा आनंद व्हायचा. ‘अरे गाढवा, बेडकाचं पुस्तक गणितात काय करतंय?’ ‘उड्या मोजतंय!’ ‘अगं तुझा मेंदू कुठेय?’ ‘तुलाच दिलाय उसना, परत कर!’ दिवसभर असा कलकलाट. आणि मान वळवून हॅलोबाईंकडे पाहिलं की तोच आवाज इस्त्री करून यायचा. “काकू, तुम्हाला उजेड पुरतो ना?” “काकू, तुम्ही नका उचलू, आम्ही आहोत ना.”

एकदा त्यांनी फाटक्या पानांचं एक पुस्तक चुकून चांगल्यांत ठेवलं. कॅप्टनने ते पाहिलं. हॅलोबाईंनी मनातल्या मनात मान खाली घातली, आता बोलणी पडणार! कॅप्टन गोड हसली, म्हणाली, “वा काकू, किती पटापट करता तुम्ही!” आणि हॅलोबाई पाणी प्यायला वळल्याबरोबर ते पुस्तक हळूच काढून दुसरीकडे ठेवलं. पाण्याच्या चकचकीत स्टीलच्या बाटलीत मागचं सगळं दिसत होतं. चिकटपट्टीने हीच चूक केली असती तर खोलीचं छप्पर उडालं असतं.

मधेच एकदा त्या लॉन्ड्रीमागच्या बाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांचं बोलणंही आता तिकडचं झालं होतं. “हॅलोऽऽ, कसे आहात सगळेऽऽ?” असं प्रत्येक शब्दाला शेपूट लावून. हॅलोबाईंनी ते लगेच कानात जमा केलं. फोन हातोहात फिरत त्यांच्याकडे आला, तेवढ्यात पडद्यावर एक दात पडलेला चेहरा घुसला.

“ए, तू कोण?” चेहरा म्हणाला. “तू हत्ती पाठव. मोठा.”

हॅलोबाईंनी फोन आणखी जवळ धरला. तू! समुद्रावरून, सरळ, न पुसता न झटकता. त्या काही बोलणार तोच मागून बाईंचा आवाज आला, “असं नाही बोलायचं, बाळाऽऽ! त्या मोठ्या आहेत. ‘तुम्ही’ म्हणायचं.”

चेहऱ्याने विचार केला. “तुम्ही कोण? तुम्ही हत्ती पाठव.”

तिघं मुलं हसून लोळली. हॅलोबाईही हसल्या, पण फोन पुढे देताना त्यांना वाटलं, लागलेली लाइन कुणीतरी मधेच काढली.

परीक्षा झाल्या, आठवडाभराची सुट्टी लागली. मुलं आपापल्या घरी निघाली. जाताना कॅप्टनने खोलीची चावी हॅलोबाईंच्या हातात ठेवली. “काकू, तुमच्याकडे राहू दे. कुणी पुस्तकं आणून दिली तर घेऊन ठेवाल? आम्ही आल्या आल्या गाडी येणारेय खोकी न्यायला.”

दुसऱ्या दिवशी हॅलोबाई रिकाम्या खोलीत बसल्या. कुणी पुस्तकं आणली नाहीत. सर्दी झालेल्या हत्तीचं पुस्तक ताईच्याच कपाटातलं होतं, ते वर काढलेलं होतं दात पडलेल्यासाठी. हत्तीच्या चकचकीत सोंडेवर बोट फिरवताना त्यांना दिसलं की कोपरे आत्ताच दुमडलेत. आणि ताईचा आवाज मागितल्याशिवाय कानात बोलला, ‘अगं, पोरं उघडीनागडी पाठवतेस बाहेर?’

ताईचं तसंच म्हणणं असायचं. कव्हर नसलेलं पुस्तक म्हणजे उघडं पोर. शाळा उघडायच्या आधी दोघी जमिनीवर बसून बालवाडीच्या साऱ्या पुस्तकांना खाकी कागद घालायच्या. ताई घड्या घालायची, हॅलोबाई कागद कापायच्या आणि वाकडा कापला म्हणून बोलणी खायच्या.

त्या उठल्या, खाकी कागदाची गुंडाळी घेऊन आल्या आणि कामाला लागल्या. निवृत्तीनंतर इतका भरगच्च आठवडा त्यांना मिळालाच नव्हता. हत्तीपासून सुरुवात केली. चित्रांची पुस्तकं पातळ, घडी धरेना, म्हणून चिकटपट्टीची टेप आतून लावली. प्रत्येक खाकी कव्हरावर पांढरं लेबल, लेबलावर पुस्तकाचं नाव टपोऱ्या अक्षरात. मुलांना वाचता येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तर अक्षरं टपोरी. कापताना कागद वाकडा जायचा, कान आपोआप टवकारायचे, खोलीत काही वाजायचं नाही, आणि त्या पुढचा कागद घ्यायच्या.

आठवडा संपला तेव्हा खोलीत एकही चित्र उरलं नव्हतं. भिंतीलगत खाकी पुस्तकांच्या थप्प्या शिस्तीत उभ्या, कवायतीला आलेल्या पोलिसांसारख्या.

मुलं परतली, दार उघडलं आणि तिघांचं बोलणं एकदम थांबलं. असं त्या खोलीत आधी कधी झालं नव्हतं.

“बापरे,” चिकटपट्टी म्हणाली.

“काकू... हे सगळं... तुम्ही एकटीने?” कॅप्टन म्हणाली. “किती मेहनत घेतलीत!”

“एकदम... एकसारखं झालंय,” लंबू म्हणाला, आणि प्रशंसेला अजून काही जोडता येतंय का ते छतावर शोधू लागला.

“आपल्याला आवडलं का?” हॅलोबाईंनी विचारलं.

“खूऽऽप!” तिघं म्हणाली. फारच लवकर म्हणाली.

फोनवर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला ‘खूप’ किती पोकळ आहे ते वजन न करता कळतं. “मी हात धुऊन येते,” हॅलोबाई म्हणाल्या, बाहेर पडल्या, आणि नळाकडे न जाता जिन्याच्या वळणावर उभ्या राहिल्या.

“आता काय करायचं?” आतून चिकटपट्टी. “पोरं चित्र बघून पुस्तक उचलतात गं! सगळंच खाकी म्हटल्यावर त्यांना पोलीस ठाण्यात आल्यासारखं वाटेल.”

“काढायला लागणार सगळी,” लंबू. “संध्याकाळी गाडी आहे.”

“शूऽऽ, हळू बोल. त्या घरी गेल्या की काढू,” कॅप्टन. “त्यांना कळायला नको.”

“पण सांगून टाकूया ना सरळ,” लंबू.

“अरे, काय सांगणार? म्हातारं माणूस आहे, एकटं. दुखावतील. तुला सांगितलं असतं, तुझं काय!”

तुझं काय. हॅलोबाईंनी जिन्याचा कठडा धरला. चूक कळली त्याचं एवढं नव्हतं. हत्तीला पोत्यात घालून पाठवणार होतो हे कळल्यावर त्यांना क्षणभर हसूच आलं. पण एवढी घोडचूक, आणि तीही फुकट जाणार होती. घरी जायचं, ‘छान झालं’ म्हणत झोपायचं, आणि इकडे ही तीन पोरं आपल्या मागे कव्हरं सोलत बसणार, हळू आवाजात, जशी आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तशी.

नियम असा की दोघं बोलत असताना मधे पडायचं नाही. त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, कमरेवर हात घेतले, आणि त्यांच्या तोंडून कॅप्टन बाहेर पडली.

“अगं हॅलो! डोकं काय घरी खुंटीला टांगून आलीस? अक्षरं येत नाहीत पोरांना, चित्रं झाकलीस! आता हत्ती काय वासावरून ओळखणार ती? काढ! सगळी काढ! आणि पट्टी सरळ लाव पुढच्या वेळी!”

कॅप्टन स्वतःचाच आवाज समोरून आल्यामुळे पांढरी पडली होती. मग चिकटपट्टीच्या नाकातून एक फुर्र असा आवाज निघाला, लंबू भिंतीला टेकून खाली घसरला, आणि तिघंही हसायला लागली ती थांबेचनात.

“अहो काकू! अशी बोलते मी?”

“अशीच! शंभर टक्के अशीच!” चिकटपट्टी ओरडली. “काकू, पुन्हा करा ना!”

“आधी कव्हरं,” हॅलोबाई म्हणाल्या. आणि खुर्ची सोडून प्रथमच जमिनीवर बसल्या. गुडघे कुरकुरले, पण बसल्या.

चौघं सोलायला लागली. टेप पक्की बसली होती, कटरने कडेकडेने कापावी लागत होती. एकेक चित्र बाहेर येत होतं, छत्रीखालचा बेडूक, ढगावर झोपलेली मुलगी. बोलणं पुन्हा सुरू झालं, अरे-तुरे, गाढव-माकड. हॅलोबाईंकडे वळलं की अजून ‘अहो’. “अहो काकू, कुलसचिवांची नक्कल करता येते तुम्हाला?” त्यांनी करून दाखवली. मुलं हसली, आणि पुन्हा एकमेकांकडे वळली. हॅलोबाईंच्या ध्यानात आलं, आपण जमिनीवर बसलोय, पण लाइन अजून आपल्या शेजारून जातेय, आपल्यापर्यंत येत नाही.

हत्तीचं पुस्तक त्यांच्याच हातात आलं. टेपखाली कटर सरकवला आणि तो जरा जोरात गेला.

“अगं हळू! सोंड कापशील!”

कॅप्टन ओरडली, आणि लगेच जीभ चावली. “सॉरी, सॉरी काकू! म्हणजे, तुम्ही जरा जपून...”

हॅलोबाईंचा हात तसाच थांबला. “काय म्हणालात?”

“सॉरी म्हणाले.”

“त्याच्या आधी.”

“सोंड कापशील... कापाल, म्हणायचं होतं मला.”

“त्याच्याही आधी.”

कॅप्टनने आठवून पाहिलं. प्रामाणिकपणे पाहिलं, कपाळाला आठ्या पडल्या. “हळू म्हणाले,” ती शेवटी म्हणाली. “हळूच म्हणाले ना?”

तिला खरोखरच आठवत नव्हतं. कुणालाच आठवत नसतं. तो शब्द म्हणायचा म्हणून कुणी म्हणतच नाही.

“हो. हळूच,” हॅलोबाई म्हणाल्या. हत्ती सोंडेसकट सुखरूप बाहेर आला. तो त्यांनी खोक्यात सगळ्यात वर ठेवला आणि पुढचं पुस्तक ओढलं. कॅप्टन फोनवर गाडीवाल्याशी बोलायला लागली होती. हॅलोबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि कटर मुद्दाम जरा वाकडा धरला. टेप सोडून कागदावरून एक ओरखडा गेला. मग आणखी थोडा वाकडा.

कॅप्टनचं लक्ष नव्हतं. लंबूचं होतं. तो वाकून, अदबीने हात पुढे करून म्हणाला, “काकू, दमलात तुम्ही. द्या इकडे. तुम्ही वर बसा खुर्चीवर.”

हॅलोबाईंनी त्याच्या हाताकडे पाहिलं. कुलसचिवांचा आवाज तयार होता, ताईचा तयार होता, कॅप्टनचा तर अजून तोंडात गरम होता. त्यांनी कुठलाच घेतला नाही. घसा खाकरला, आणि जो आवाज निघाला तो त्यांनाही अनोळखी होता, जरा चिरका, न वापरलेल्या दाराच्या बिजागरीसारखा.

“ए लंबू, सरक तिकडे. उजेड अडवतोयस गाढवासारखा.”

लंबूने मागे वळून पाहिलं, कुणाला म्हणतायत म्हणून. मागे भिंत होती.

“तुलाच म्हणतेय,” हॅलोबाई म्हणाल्या.